मंडपवाल्याला बिल, आम्हाला पुण्य



दशलक्षण जवळ आलं की महिला मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज येतोच. गाव हिंगोली असो, वसमत असो नाहीतर सेनगाव, मजकूर साधारण तोच. ज्या भगिनींना हौस आहे त्यांनी मंदिरासाठी तोरणं, शास्त्रांची वेष्टनं, चंदोवा करून द्यावा, सेवेचं पुण्य लाभेल. आणि त्याच्याच खाली, कधी त्याच दिवशी, दुसरा मेसेज. मंडपवाल्याचे इतके, लाइटवाल्याचे इतके, आचाऱ्याचे इतके, संगीत पार्टीचे इतके, तरी समाजबांधवांनी वर्गणी लवकर जमा करावी.

हे दोन मेसेज एकाखाली एक वाचले की मला प्रश्न पडतो, मंडपवाल्याला हौस नसते का? तोही कापडच लावतो, आपणही कापडच शिवतो. त्याचं कापड दहा दिवसांनी उतरतं आणि पुढच्या गावी जातं. आपलं वेष्टन पंधरा-वीस वर्षं शास्त्राला गुंडाळलेलं राहतं. तरी त्याच्या कामाला बिल आणि आपल्या कामाला पुण्य. त्याला कुणी म्हणत नाही की बाबा रे, यंदा पुण्यावर भागव.

या 'हौस' शब्दाशीच माझं भांडण आहे. ऐकायला किती गोड! "काकूंना भारी हौस आहे हो," "वहिनींच्या हातात कला आहे." कौतुक करणारा मनापासून करतो, नाही म्हणत नाही मी. पण एखाद्या कामाला एकदा हौस म्हटलं की त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, करणारीला मागता येत नाहीत, आणि मागितले तर तीच हावरी ठरते. सुताराच्या हातातही कलाच असते. त्याला हौशी म्हणून बघा, पुढच्या वेळी दार बसवायला येतो का ते!

आता आपल्याच देवळातलं सगळ्यात कठीण काम घ्या. सिद्धचक्र विधानाचं मंडल. ज्यांनी मांडलंय त्यांनाच माहीत. पहिल्या वलयात आठ, दुसऱ्यात सोळा, मग बत्तीस, चौसष्ट, असं दुप्पट होत होत आठव्या वलयात १०२४. एकूण २०४० अर्घ्यांचा हिशोब. दोरी धरून मध्य काढायचा, वर्तुळं ओढायची, घरं पाडायची. आदल्या आठवड्यात तांदूळ रंगवून सावलीत वाळवून ठेवायचे, कारण उन्हात रंग उडतो आणि ओले राहिले तर एकमेकांना चिकटतात. एका वलयात एक घर चुकलं तर पुढची सगळी चुकतात. दोन-तीन बायका दोन-दोन रात्री कंबर मोडून हे काम करतात. विधान सुरू झालं की पंडितजींना मानधन, ते द्यायलाच हवं. हार्मोनियम-ढोलकवाल्यांना ठरलेली रक्कम. आणि मंडल मांडणाऱ्या बायकांना? शेवटच्या दिवशी माइकवरून "महिला मंडळाने मोलाचे सहकार्य केले." नावसुद्धा नाही. 'महिला मंडळाने'. मोलाचं म्हणे, आणि मोल किती ते विचारू नका.

यावर लगेच उत्तर येतं, देवाच्या कामाला पैसा कसा लावायचा?

माझ्या बायांनो, आपल्याकडे पैसा कशाला लावत नाहीत ते सांगा मला. पहिल्या अभिषेकाची बोली लागते. शांतिधारेची बोली लागते. पंचकल्याणकात इंद्र-इंद्राणी व्हायची बोली लागते, भगवंतांच्या आई-वडिलांच्या मानाची बोली लागते. आकडा माइकवरून तीन तीनदा पुकारला जातो, टाळ्या पडतात. त्यात वाईट काही नाही, देवळं त्यावरच चालतात. पण देवाच्या कामात पैशाचं नाव काढायचं नाही हा नियम फक्त बाईच्या सुईपुरता कुणी केला? धर्मात तर तो मला कुठे सापडला नाही.

धर्मात उलटच आहे. आपण लहानपणापासून पाठशाळेत घोकलेलं आठवा. भोगभूमी संपली, कल्पवृक्ष आटले, लोक भांबावले, तेव्हा ऋषभदेवांनी जगण्यासाठी सहा कर्मं शिकवली. असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प. ही उपजीविकेची साधनं म्हणून सांगितली आहेत. आपल्या घरातले पुरुष पाचवं कर्म करतात, दुकान टाकतात, आणि त्याला कुणी हौस म्हणत नाही. आपण सहावं करतो. वाणिज्याला गल्ला आणि शिल्पाला टाळ्या असा भेद आदिनाथांनी केलेला नाही. आणखी एक. त्याच आदिपुराणात ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक. म्हणजे गणित पहिल्यांदा शिकवलं ते मुलीला. आणि आज तिच्याच लेकी विचारतात, "मी कुठे हिशोब मांडू बाई, घरातलंच तर आहे."

सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार येतात. अचौर्याच्या अतिचारांत कमीजास्त मापं ठेवणं हा एक आहे. घ्यायचं मोठ्या मापाने, द्यायचं लहान मापाने. दुकानात आपली माणसं हे कसोशीने पाळतात, काटा तपासून घेतात. पण बावीस तासांचं काम घेऊन त्याबदल्यात 'वा!' द्यायचं, हे कुठलं माप? अहिंसेच्या अतिचारांत अतिभारारोपण आहे, सोसवेल त्याहून जास्त ओझं लादणं. ते बैलापुरतंच आहे असं समजून आपण चाललोय.

बावीस तास हवेत सांगितलेले नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी क्रोशाचं मणी लावलेलं दाराचं तोरण केलं, तेव्हा मी त्यांना वही घेऊन बसवलं. रोज किती वेळ बसलात ते लिहा म्हटलं. दोरा आणि मणी मिळून ३५० रुपये. वेळ २२ तास. घेणारीने ६०० रुपये दिले आणि वर म्हणाली, "घरचं म्हणून देतेय हं." म्हणजे काकूंच्या हातात राहिले २५०. तासाला साडेअकरा रुपयेही नाहीत. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ साली दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर २२ तासांचे झाले ८५८. त्यात माल मिळवला की तोरण १,२०८ ला पडतं, तेही नफ्याचा एक पैसा न धरता, चाळीस वर्षांच्या सवयीच्या हाताला अकुशल मजुरी लावून. ६०० ला तोरण देणं म्हणजे काकूंनी घेणारीला ६०८ रुपये भेट दिले. ज्या बाईला शिखरजीच्या यात्रेला जायचं तर पुतण्यापुढे हात पसरावा लागतो, तिने! गावात किती घरांच्या दारावर तिची तोरणं आहेत ते मी मोजलं नाही, पण ज्या आळीत जावं तिथे एक तरी दिसतं.

म्हणून मला हा प्रश्न फावल्या वेळाचा वाटत नाही. विधवा आहेत, एकट्या राहिलेल्या आत्या आहेत, नवऱ्याचं दुकान बसलंय पण ते चारचौघांत बोलता येत नाही अशा वहिनी आहेत. बाहेर नोकरीला जायची रीत नाही, शिक्षण अर्धवट, घरात चौका, सूर्यास्ताच्या आत जेवणं, वेळ तुकड्यातुकड्यांत मिळतो. त्यांच्याजवळ विकण्यासारखं जे एक आहे त्यालाच आपण हौस म्हणून फुकट करून टाकलं.

आपल्या आधीच्या बायका इतक्या भाबड्या नव्हत्या. शेठ माणिकचंद हिराचंद झवेरींच्या कन्या मगनबाईंना तरुणपणी वैधव्य आलं. त्यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत श्राविकाश्रम उभा केला तो विधवा आणि निराधार श्राविकांना शिकवून स्वतःच्या पायावर उभं करण्यासाठी. सोलापुरात पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहांनी तेच काम कितीतरी मोठं केलं. या दोघी शास्त्र शिकलेल्या, कडक व्रती. बाईच्या हातात चार पैसे आले तर धर्म बुडेल असं त्यांना वाटलं नाही. शंभर वर्षांनी आपल्याला का वाटावं?

पैशाइतकीच नावाची गोष्ट आहे, आणि त्याबाबत दोन ठिकाणची हकीकत सांगण्यासारखी आहे, कारण दोन्हीकडे माणूस एकच होता. बिहारमध्ये १९६६-६७ ला मोठा दुष्काळ पडला. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मिथिलेत पाठवलं. तिथल्या बायका लग्नाच्या खोलीच्या भिंती रंगवायच्या. कुलकर्ण्यांनी त्यांना कागद दिले, म्हणाले यावर काढा, विकू. भिंत विकता येत नाही, कागद विकता येतो, आणि कागदाच्या कोपऱ्यात नाव घालता येतं. जगदंबा देवींना १९७५ ला पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ ला. घराबाहेर ज्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं त्या बायका.

हेच कुलकर्णी पुढे आपल्या महाराष्ट्रात डहाणूकडे वारली पाड्यांवर गेले. लग्नाचा चौक लिहायचा मान तिथे सवाशिणींचा, पिढ्यान्‌पिढ्या त्यांचाच. इथेही कागद आला. पण बायका पुढे यायला लाजल्या आणि जिव्या सोमा म्हसे पुढे आले. फार मोठा कलावंत, २०११ ला पद्मश्री झाले, त्यांच्या कलेत काडीचं उणं काढायचं नाही मला. पण आज वारली म्हटलं की जगाला म्हसे आठवतात. ज्या सवाशिणींनी ही कला त्यांच्यापर्यंत आणून पोचवली त्यांच्यातल्या एकीचं नाव तुम्हाला येतं? मलाही येत नाही.

आता पैशाची हकीकत. ती तर आपल्या प्रत्येकीच्या फडताळात आहे. १५ मार्च १९५९, मुंबईत गिरगावातली गच्ची, सात गुजराती गृहिणी, ऐंशी रुपये. हे ऐंशी रुपये त्यांनी उसने घेतले होते, देणगी म्हणून नव्हे, आणि फेडले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं. १९६२ ला 'लिज्जत' नाव ठरलं. आता बहिणींची संख्या पंचेचाळीस हजारांच्या आसपास सांगतात. जसवंतीबेन पोपट यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदी ओलांडलेल्या. त्या सातजणींकडे विशेष काय होतं? पापड आपल्या प्रत्येक घरात लाटले जायचे. त्यांनी फक्त ठरवलं की लाटणारी ही मालकीण. कणीक केंद्रावर भिजते, बहीण घरी नेऊन लाटते, वाळवून परत आणते, तपासणी होते, वणाई तिच्या हातात पडते. वाकडा पापड परत जातो, मग ती कुणाची का नणंद असेना. पुरुष तिथे कामाला असतात, मालक होऊ शकत नाहीत. हौस हा शब्द या सगळ्यात कुठेच नाही, तपासणी आहे आणि वणाई आहे.

तपासणीचा मुद्दा आपल्यालाही लागू आहे, आणि इथे थोडं आपल्याच बाजूला बोलते. पैसे घ्यायचे तर माल चोख हवा. 'घरचंच आहे' म्हणून मागची बाजू गाठींनी भरलेली चालणार नाही. सात तारखेला देते म्हणून पंचमी उलटल्यावर दिलेलं चालणार नाही. आणि आपणही विकत घेताना सरळ वागलं पाहिजे. आठवडी बाजारात तांड्यावरची बंजारा बाई काचा-कवड्यांच्या भरतकामाची पिशवी घेऊन बसते. तिच्याशी घासाघीस करताना आपण कुणाहून कमी नसतो. शेजारच्या राज्यात संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेच हात आपल्या कळमनुरी-औंढ्याकडेही आहेत. बाईच्या कामाचा भाव पाडणारी पहिली बहुधा बाईच असते.

सरकारकडून काय मिळतं तेही बघून ठेवा, पण फार आशा ठेवू नका. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला आली. अठरा व्यवसाय. त्यात शिंपी आहे, माळी आहे, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत, टोपल्या-झाडू करणारे आहेत. भरतकाम नाही, क्रोशा नाही, गोधडी नाही. नरसीच्या नामदेव महाराजांचा शिंपी धंदा यादीत आला याचा आपल्या जिल्ह्याला आनंदच आहे. पण त्याच कापडावर टाका घालणारी बाई यादी करणाऱ्यांना दिसली नाही. शिवाय एका कुटुंबात एकालाच लाभ. म्हणजे आधी कुणाचं नाव जाईल ते सांगायला नको. त्यातल्या त्यात वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विभागाचं कारागीर ओळखपत्र काढता येतं, तिथे भरतकामाला हस्तकला म्हणतात. उद्यम नोंदणीला पैसे पडत नाहीत, आधार आणि पॅन लागतं. करून ठेवायला हरकत नाही. वसमतच्या हळदीला मानांकन मिळालं तसं आपल्याही हाताला कधीतरी मिळेल, पण तोवर थांबायचं का?

आनंद मेळाव्यांबद्दल मात्र मला चांगलं बोलता येत नाही. एका दिवसाचा स्टॉल, त्याचं भाडं आपणच भरायचं, गिऱ्हाईक म्हणून आपल्याच जावा-नणंदा, आणि संध्याकाळी स्पर्धेत पहिलं बक्षीस स्टीलचा डबा. तो डबा देणाऱ्या दुकानदाराला मंडळाने पैसे दिलेले असतात, बरं का. त्यापेक्षा शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला बाहेरगावाहून येणाऱ्यांना काय हवं ते विचारा. पुण्या-मुंबईच्या श्राविका रेशीम वापरत नाहीत, कोशातला किडा मरतो म्हणून. त्यांना सुती वेष्टन, सुती पूजेचे बटवे, हाताने केलेली जपमाळेची थैली शोधूनही मिळत नाही. आपल्याकडे ते करणारे हात रिकामे बसलेत आणि पोस्टाचं पार्सल सगळीकडे जातं.

शेवटी देवळाचा प्रश्न उरतोच. मला सेवेला विरोध करायचाच नाही. ज्या बाईला आपलं काम भगवंताच्या चरणी वाहायचं आहे तिने जरूर वाहावं. पण आधी बिल द्यावं. दोरा इतका, कापड इतकं, तास इतके, मजुरी इतकी. समितीने ते पैसे तिला द्यावेत, तिच्या खात्यात, मुलाच्या नाही. मग तिच्या मनात असेल तर तिने ते सगळे, अर्धे, जितके वाटतील तितके दान करावेत आणि पावती स्वतःच्या नावावर घ्यावी. देवळाच्या वहीत रक्कम तीच राहील. फरक इतकाच पडेल की दातारांच्या संगमरवरी पाटीवर नावं कोरायची वेळ येईल तेव्हा चाळीस वेष्टनं शिवणारीचंही नाव त्यात असेल. आणि जिला दान करणं परवडत नाही तिला त्या पैशांत डोळ्याचं ऑपरेशन करता येईल. दान द्यायला आधी ते आपलं असावं लागतं, घेतलेल्या गोष्टीचं कुणी दान करत नसतं.

यंदाच्या मेसेजला मी ग्रुपवर उत्तर टाकलंय. वेष्टनाचा दर, चंदोव्याचा दर, मंडल मांडायचा दर, माल वेगळा. अजून कुणी काही बोललेलं नाही. दोघींनी अंगठा दाखवलाय आणि एकीने मला वेगळा फोन करून तिच्या गोधडीचा दर किती लावावा ते विचारलंय. तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते, आधी आठ दिवस तास लिहून काढा, दर नंतर बघू.

आणि नाव. वेष्टनाच्या आतल्या कोपऱ्यात, दुमडीच्या बाजूला, चार बोटांची सुती पट्टी लावा आणि त्यावर आपलं नाव, गाव, वीर संवत टाक्याने घाला. बाहेरून दिसत नाही, शास्त्र उघडणाऱ्याला मात्र दिसतं. लाल दोरा धुतल्यावर रंग सोडतो, निळा घ्या.